सर्व्हरवर कोड चढतो कसा?

2025 च्या घटस्थापनेला, म्हणजे 22 सप्टेंबरला, जीएसटीचे दर बदलले. ठिबक सिंचनाच्या साहित्यावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरवरचाही तसाच, आणि ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा तर 18 वरून थेट 5 वर. मुक्ताईनगर, रावेर, यावल हा जळगाव जिल्ह्यातला केळीचा पट्टा. इथे ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानदाराला आदल्या दिवशी जे बिल 12 टक्क्यांनी फाडायचे होते, तेच सकाळी दुकान उघडताच 5 टक्क्यांनी फाडायचे होते. जीएसटी परिषदेचा निर्णय जाहीर झाला 3 सप्टेंबरला. मधे फक्त 19 दिवस.

काही दुकानांत मालकाने स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन दर बदलला. जिथे दर कोडमध्येच रुतून बसले होते तिथे मात्र सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लागली. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दुकानातल्या संगणकावर येत नाही. ती चढते दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर. ॲमेझॉनने आपले मुंबईतले केंद्र 2016 मध्ये सुरू केले आणि हैदराबादचे 2022 मध्ये. मुक्ताईनगरच्या दुकानाचे बिल प्रत्यक्षात अशाच एखाद्या केंद्रात तयार होत असते. दुकानदार पान रिफ्रेश करतो आणि नवा दर दिसतो, इतकेच त्याला ठाऊक. त्या रिफ्रेशच्या आधी कोणीतरी लॅपटॉपवरचा कोड सर्व्हरवर नेऊन चालू केलेला असतो. या कामाला डिप्लॉयमेंट म्हणतात, आणि ते हाताने करायचे की अवजाराने, यावर बऱ्याच जणांची रात्रीची झोप अवलंबून असते.

नऊ पायऱ्या आणि एकच डोके

समजा, मुक्ताईनगर तालुक्यातल्या केळी उत्पादकांच्या एका गटाने छोटे वेब ॲप बनवून घेतले आहे. रोजचा भाव काय, कोणाच्या मळ्यात कापणी आहे, गाडीत किती क्विंटल माल भरला, पैसे कधी जमा झाले, एवढीच त्यात माहिती. कोड लिहिणारा मुलगा तालुक्यातलाच. बांभोरीच्या किंवा जळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेला आणि आता पुण्यात नोकरीला. गटाने त्याला सांगितले, वजनासोबत घडांची संख्याही दिसू दे. बदल अर्ध्या तासाचा.

तो लाइव्ह करायचा तर पायऱ्या बऱ्याच. सर्व्हरवर लॉगिन करायचे. डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा. नवा कोड आणायचा. त्या कोडला लागणाऱ्या लायब्ररी बसवायच्या. डेटाबेसच्या तक्त्यात घडांसाठी नवा रकाना जोडायचा. पानांच्या रंगरूपाच्या फाइली नव्याने बांधून घ्यायच्या. कॅशे साफ करायची. ॲप बंद करून पुन्हा सुरू करायचे. शेवटी पान उघडून बघायचे.

यातली कुठलीही पायरी अवघड नाही. अडचण क्रमाची आहे. रकाना जोडायच्या आधी ॲप सुरू केले तर ते नसलेला रकाना शोधू लागते आणि गटातल्या सगळ्यांच्या फोनवर एरर दिसते. लायब्ररी बसवायची राहिली तर ॲप सुरूच होत नाही. हा क्रम सहसा कुठेही लिहिलेला नसतो. तो त्या मुलाच्या डोक्यात असतो. तो सुटीवर गेला, नोकरी बदलली किंवा रात्री अकरा वाजता पेंगुळलेला असला की सर्व्हर त्याच्या आठवणीच्या भरवशावर चालतो. शुक्रवारी संध्याकाळी काहीही लाइव्ह टाकायचे नाही, हा आयटीतला अलिखित नियम याच धास्तीतून आला.

आठातला एक सर्व्हर

हाताने डिप्लॉय करण्याची जगातली बहुधा सर्वांत महागडी चूक 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेत झाली. नाईट कॅपिटल ही शेअर बाजारातली मोठी दलाल कंपनी. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्या दिवसापासून एक नवी योजना सुरू होणार होती आणि त्यासाठी कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायला घेतला. तंत्रज्ञाने तो सात सर्व्हरवर टाकला. आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी तपासून पाहावे, अशी लेखी पद्धत कंपनीत नव्हती.

आठव्या सर्व्हरवर बरीच वर्षे वापरात नसलेला एक जुना भाग पडून होता. नव्या कोडने जी खूण वापरली होती, तीच खूण पूर्वी हा जुना भाग सुरू करण्यासाठी वापरली जात असे. बाजार उघडला, खूण पोहोचली आणि सात सर्व्हर नवे काम करू लागले. आठव्याने मात्र जुने काम सुरू केले आणि तो शेअर विकत घेत, विकत सुटला. सुमारे 45 मिनिटांत 154 कंपन्यांच्या शेअरांत 40 लाखांहून अधिक व्यवहार झाले. तोटा 46 कोटी डॉलरच्या वर गेला.

या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या 2013 च्या आदेशात आहे. गोंधळ थांबवण्यासाठी कंपनीने बरोबर असलेल्या सातही सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला, आणि मग ते सातही आठव्यासारखेच वागू लागले. कुठल्या सर्व्हरवर नेमके काय चालू आहे, हे त्या क्षणी कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. 2013 मध्येच ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

केळीच्या गटाच्या ॲपमध्ये इतके पैसे नसतात. पण चूक मात्र हीच असते: एक पायरी राहते, आणि ती राहिल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

अलाहाबादच्या माणसाचा वारसा

बरीच वर्षे छोट्या वेबसाइटवर कोड चढवायची सर्वमान्य पद्धत होती एफटीपी. 1971 च्या एप्रिलमध्ये या पद्धतीचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी लिहिला. भूषण मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, आणि त्या वेळी अमेरिकेत एमआयटीत होते. तेव्हा जगभरात नेटवर्कला जोडलेले संगणक मोजकेच होते. त्या काळासाठी उत्तम असलेली ही पद्धत पुढे चार दशके टिकली. डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर, मधे फाइली ओढून टाकायच्या: महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांच्या, पतसंस्थांच्या, वर्तमानपत्रांच्या साइट अशाच उभ्या राहिल्या.

तिच्यात दोन उणिवा होत्या. पासवर्ड उघड्या मजकुरात जात असे, त्यामुळे वाटेत कोणीही तो वाचू शकत होते. दुसरी उणीव तालुक्याच्या गावी जास्त जाणवणारी. फाइली एकेक करून जातात. चारशे फाइलींपैकी दोनशे गेल्यावर वीज गेली किंवा नेट गेले, तर सर्व्हरवर अर्धे ॲप नवे आणि अर्धे जुने राहते. असे अर्धवट ॲप काय करील याचा नेम नसतो.

पासवर्डचा प्रश्न एसएसएचने सोडवला. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरणारा सापळा लावल्याचे उघड झाल्यावर तिथल्याच टाटू यिलोनेन या संशोधकाने 1995 मध्ये हा सुरक्षित मार्ग तयार केला. आज बहुतेक प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर एसएसएच आधीपासून असते. पुढची हलकी अवजारे त्याच्याच जोरावर उभी आहेत: सर्व्हरवर वेगळे काही बसवायचे नाही, एसएसएचने आत जायचे आणि लिहून ठेवलेल्या पायऱ्या क्रमाने करून घ्यायच्या.

भुसावळचा सांधा

अर्धवट ॲपचा प्रश्न सोडवण्याची जी पद्धत आज जवळपास सगळीकडे दिसते, ती लोकप्रिय केली कॅपिस्ट्रानो नावाच्या अवजाराने. शिकागोच्या 37सिग्नल्स या कंपनीत काम करणाऱ्या जेमिस बक यांनी ते 2005 मध्ये लिहिले. पहिले नाव होते स्विचटॉवर.

कॅपिस्ट्रानोची रचना सरळ आहे. सर्व्हरवर रिलीजेस नावाचे एक फोल्डर. प्रत्येक डिप्लॉयच्या वेळी त्यात त्या दिवसाची तारीख-वेळ नावात असलेले नवे फोल्डर तयार होते आणि सगळा नवा कोड तिथे उतरतो. जुन्याला हात लागत नाही. शेअर्ड नावाच्या दुसऱ्या फोल्डरात आवृत्ती बदलली तरी बदलू नये असे सगळे असते: लोकांनी अपलोड केलेले फोटो, लॉगच्या फाइली, पासवर्ड. तिसरे असते करंट. ते खरे तर फोल्डरच नसते. ती एक सिम्लिंक असते, म्हणजे रिलीजेसमधल्या एका फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण. वेब सर्व्हरला फक्त करंट ठाऊक असते. नवे फोल्डर पूर्ण तयार झाले, लायब्ररी बसल्या, फाइली बांधून झाल्या, की शेवटच्या क्षणी खूण जुन्यावरून नव्यावर वळवायची.

भुसावळच्या यार्डात गाडी दुसऱ्या रुळावर घ्यायची तर रूळ उखडत नाहीत. दुसरा रूळ आधीच टाकून तयार असतो, फक्त सांधा बदलतात. कॅपिस्ट्रानो सर्व्हरवर सांधा बदलते. नवी आवृत्ती बिघडलेली निघाली तर सांधा परत जुन्या रुळाकडे. याला रोलबॅक म्हणतात आणि तो एका कमांडवर काही सेकंदांत होतो, कारण जुने फोल्डर जसेच्या तसे जागेवर असते. कॅपिस्ट्रानो न सांगताही शेवटच्या पाच आवृत्त्या जपून ठेवते आणि त्याआधीच्या पुसते.

डिप्लॉय मधेच तुटले तर काय, याचे उत्तरही याच रचनेत आहे. लायब्ररी उतरत असताना नेट गेले तर रिलीजेसमध्ये एक अर्धवट फोल्डर पडून राहते, पण करंट अजून जुन्याकडेच बोट दाखवत असते. वापरणाऱ्याला काही कळतही नाही.

बारकाव्यातही मेहनत आहे. लिनक्समध्ये खूण बदलण्याची नेहमीची कमांड जुन्या आवृत्त्यांत आधी जुनी खूण पुसते आणि मग नवी लावते. मधे क्षणाचा शतांशही नसेल, पण नेमक्या त्याच वेळी कोणी पान मागितले तर त्याला काहीच सापडत नाही. म्हणून चांगली अवजारे नवी खूण वेगळ्या नावाने बनवतात आणि मग तिचे नाव बदलून करंट करतात. नाव बदलणे ही लिनक्समध्ये अविभाज्य क्रिया असते: एकतर झाली, नाहीतर झालीच नाही. पीएचपी वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पीएचपी फाइलींचे खरे पत्ते काही काळ लक्षात ठेवते, त्यामुळे खूण बदलल्यावरही जुनाच कोड चालत राहतो. पीएचपीची प्रक्रिया रीलोड केली की हा घोळ सुटतो. ‘बदल दिसत नाही’ या तक्रारीवर तासन्‌तास घालवलेल्या अनेकांना पुढे हेच कारण सापडले आहे.

हलके म्हणजे किती हलके

कॅपिस्ट्रानोनंतर अशा अवजारांची रांग लागली. पायथनवाल्यांसाठी फॅब्रिक आले, पीएचपीवाल्यांसाठी डिप्लॉयर. कॅपिस्ट्रानोच्याच रूबी भाषेत मीना नावाचे आणखी चपळ अवजार निघाले. त्यातली कल्पना तालुक्याच्या गावाला विशेष उपयोगी: सगळ्या पायऱ्यांची आधी एकच बॅश स्क्रिप्ट तयार होते आणि ती एकाच एसएसएच जोडणीतून सर्व्हरला दिली जाते. प्रत्येक कमांडसाठी नेटवर्कवरून ये-जा करावी लागत नाही. रेंज कमी-जास्त होणाऱ्या मोबाइल हॉटस्पॉटवर हा फरक सहज जाणवतो.

मायकेल डिहान यांचे अॅन्सिबल 2012 मध्ये आले. तेही सर्व्हरवर स्वतःचे काही बसवत नाही, एसएसएच आणि सर्व्हरवर असलेल्या पायथनवर भागवते. 2015 मध्ये रेड हॅटने ते विकत घेतले, आणि रेड हॅटचे मोठे केंद्र पुण्यात आहे. 2013 मध्ये जेफ लिंडसे यांनी जेमतेम शंभर ओळींच्या बॅशमध्ये डोक्कू लिहिले. त्यात कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने कोड पुश केला की बाकीचे आपोआप होते. तोवर अशी सोय मुख्यतः हेरोकूसारख्या कंपन्या देत होत्या. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये हेरोकूने आपली फुकट सेवा बंद केली आणि डोक्कूसारख्या अवजारांकडे विद्यार्थ्यांचे पाय पुन्हा वळले. 37सिग्नल्सने 2023 मध्ये कमल नावाचे आणखी एक अवजार आणले. ते ॲपला डॉकरच्या पेटीत बंद करते, पण सर्व्हरपर्यंत जाते त्याच जुन्या एसएसएचच्या वाटेने.

या सगळ्यांत समान काय, तर एक साधी मजकुराची फाइल. तिच्यात पायऱ्या लिहिलेल्या असतात आणि ती फाइल कोडच्या शेजारी गिटमध्ये राहते. कोणी कधी कुठली पायरी बदलली, याची नोंद आपोआप होते. पुण्यातला मुलगा नोकरीत अडकला आणि काम जळगावच्या दुसऱ्या मुलीकडे गेले, तर तिला फोन करून क्रम विचारावा लागत नाही. तो फाइलीत आहे. नाईट कॅपिटलच्या तंत्रज्ञाच्या हाती अशी फाइल असती, आणि तिच्यात आठही सर्व्हरची नावे असती, तर आठवा राहिला नसता. अवजाराने वेळ वाचतो हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट ही की क्रम एका डोक्यातून बाहेर येतो आणि दुसऱ्याला वाचता येतो.

मुंबईचे बेंच

महाराष्ट्रात तयार झालेले आणि जगभर वापरले जाणारे असे अवजार म्हणजे बेंच. मुंबईत ऋषभ मेहता यांनी कौटुंबिक फर्निचर व्यवसायासाठी ईआरपी, म्हणजे व्यवसायाचा सगळा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर, बसवण्याच्या खटाटोपातून स्वतःचेच सॉफ्टवेअर लिहायला घेतले. 2008 मध्ये त्याची कंपनी झाली, जिचे आजचे नाव फ्रापे. त्यांचे ईआरपीनेक्स्ट हे साठा, बिले, हिशेब, पगार असे सगळे सांभाळणारे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. कोणीही ते उतरवून घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकतो.

‘कोणीही’ म्हणणे सोपे आहे. ईआरपीनेक्स्ट चालायला पायथन लागते, मारियाडीबी लागते, रेडिस लागते, नोड लागते, एनजिनएक्स लागते. कारखान्याच्या हिशेबनिसाने हे सगळे हाताने जुळवावे, ही अपेक्षा कोणीच करणार नाही. त्यासाठी फ्रापेने पायथनमध्ये बेंच हे कमांडवर चालणारे अवजार केले. नवी साइट हवी तर एक कमांड, नवे ॲप जोडायचे तर एक, एनजिनएक्स आणि प्रक्रियांवर देखरेख ठेवणाऱ्या सुपरवायझरची मांडणी करून सर्व्हर प्रत्यक्ष वापरासाठी तयार करायचा तर आणखी एक.

बेंचमधली रोजच्या कामाची कमांड म्हणजे बेंच अपडेट. ती सगळ्या साइटचा बॅकअप घेते, गिटमधून नवा कोड आणते, लायब्ररी बसवते, पानांच्या फाइली बांधते, डेटाबेसमधले बदल करते आणि प्रक्रिया पुन्हा सुरू करते. वर मोजलेल्या नऊ पायऱ्यांतल्या बहुतेक सगळ्या इथे एका ओळीत येतात. डेटाबेसच्या बदलांची तर छान शिस्त आहे. प्रत्येक बदल ‘पॅच’ म्हणून एका फाइलीत क्रमाने नोंदवलेला असतो. एखादा पॅच एखाद्या साइटवर चालला की त्या साइटच्या डेटाबेसमध्येच तशी नोंद होते, आणि पुन्हा कमांड दिली तरी तो दुसऱ्यांदा चालत नाही. सहा महिने अपडेट न केलेली साइटही म्हणून मधले सगळे पॅच ओळीने चढवत आजच्या आवृत्तीपर्यंत पोहोचू शकते. 22 सप्टेंबर 2025 सारख्या तारखेआधी याचे मोल कळते.

एका बेंचवर अनेक साइट राहू शकतात. प्रत्येकीचे फोल्डर वेगळे, डेटाबेस वेगळा, आणि फोल्डरचे नाव म्हणजेच साइटचा पत्ता. तालुक्यातला एखादा सेवा देणारा एकाच सर्व्हरवर ठिबकचे दुकान, दूध संकलन केंद्र आणि एक शाळा अशा तिघांचे हिशेब वेगवेगळे चालवू शकतो.

सोयीची दुसरी बाजूही आहे. बेंचवरच्या सगळ्या साइट एकच कोड वापरतात. अपडेट केले की तिघांचेही एकदम होते. शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत दुकानासाठी अपडेट घ्यावे लागले तर शाळेलाही त्यात यावे लागते. शिवाय बेंच अपडेट चालू कोड जागेवरच बदलते, कॅपिस्ट्रानोसारखा वेगळा रूळ टाकत नाही. फ्रापेने स्वतःची होस्टिंग सेवा उभारताना या मर्यादेवर उपाय केला. तिथे नव्या आवृत्तीसाठी नवीनच बेंच तयार होते आणि साइट एकेक करून जुन्यावरून नव्यावर नेल्या जातात. एखादी अडखळली तर तेवढीच मागे राहते.

अवजाराला जे जमत नाही

रोलबॅक सेकंदांत होतो, तो कोडचा. डेटाबेस असा मागे येत नाही. नव्या आवृत्तीने वजनाचा रकाना काढून टाकला आणि नंतर सांधा जुन्या आवृत्तीकडे फिरवला, तर जुन्या कोडला तो रकाना सापडणार नाही. यावर अनुभवी मंडळी दोन टप्प्यांत काम करतात. पहिल्या आवृत्तीत फक्त नवा रकाना जोडायचा. जुना तसाच ठेवायचा. नवे नीट चालतेय याची काही आठवड्यांत खात्री पटली की दुसऱ्या आवृत्तीत जुना काढायचा. मधल्या काळात केव्हाही मागे जाता येते.

बॅकअप घेतला म्हणजे तो परत चढवता येतो, असेही नाही. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने चुकून दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या वेगवेगळ्या सोयी होत्या, पण गरज पडली तेव्हा त्यांतली एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत मिळाली म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने हे सगळे लपवले नाही, डेटा परत चढवण्याचे काम चालू असताना ते थेट प्रक्षेपित केले. महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर चढवून बघणे, ही पायरीही म्हणून त्याच फाइलीत हवी.

पासवर्ड आणि किल्ल्या कोडसोबत गिटमध्ये जाता कामा नयेत. त्या शेअर्ड फोल्डरात, फक्त सर्व्हरवर. डिप्लॉयसाठी वेगळा युजर हवा, रूटने लॉगिन बंद हवे आणि पासवर्डऐवजी एसएसएच की हवी. ही कामे पंधरा मिनिटांची, आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी.

गर्दी झेलणे हे तर वेगळेच काम. 2025 मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदाच मोठ्या शहरांबाहेर साऱ्या राज्याला लागू झाली. मुक्ताईनगरच्या मुलांनाही तोच अर्ज भरायचा होता. 21 मे रोजी नोंदणी सुरू झाली आणि संकेतस्थळ कोलमडले. ते 26 मे रोजी पुन्हा सुरू झाले. एकाच वेळी लाखो जण आले तर किती सर्व्हर लागतील, डेटाबेस किती जोडण्या सोसेल, याचे उत्तर डिप्लॉयमेंटच्या अवजारात नसते. ते आधी खोटी गर्दी करून मोजावे लागते.

आणि शेवटी, हलके अवजार सगळ्यांसाठी नाही. शेकडो सर्व्हर, डझनभर सेवा, क्षणाक्षणाला वाढणारी-घटणारी गर्दी असेल तिथे गूगलने 2014 मध्ये खुले केलेले कुबरनेटीस लागते. पण ते चालवायला शिकलेली माणसे लागतात आणि सर्व्हरचीही बरीच ताकद त्याच्याच देखभालीत जाते. चारशे शेतकऱ्यांचा गट, सहाशे विद्यार्थ्यांची शाळा, एक पतसंस्था यांना एक सर्व्हर आणि शंभरेक ओळींची फाइल पुरते. नोकरीच्या मुलाखतीत कुबरनेटीस विचारतात म्हणून गावच्या ॲपवरही तेच चढवणारे तरुण कमी नाहीत. पुढे ते ॲप सांभाळायला दुसरे कोणी मिळत नाही.

सुरुवात कुठून

महिना पाच-सहाशे रुपयांत एक जीबी मेमरीचा व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने मिळतो. छोट्या ॲपला तो पुरतो. अवजार निवडायच्या आधी एक काम करण्यासारखे आहे: पुढचे डिप्लॉय हातानेच करायचे, पण टाइप केलेली प्रत्येक कमांड एका फाइलीत उतरवत जायचे. ती फाइल म्हणजेच स्क्रिप्टचा पहिला मसुदा. तिच्या डोक्यावर ‘कुठेही चूक झाली तर तिथेच थांब’ असे सांगणारी एक ओळ घालायची, कारण बॅश स्वतःहून थांबत नाही. बॅकअप फसला तरी पुढची कमांड खुशाल चालवते. मग तीच स्क्रिप्ट दोनदा चालवून बघायची. दुसऱ्यांदा चालवल्याने काही बिघडत असेल तर ती अजून तयार नाही. शेवटी एक तपासणी जोडायची: सर्व्हरने स्वतःच ॲपचे पान मागावे, आणि उत्तर ठीक आले तरच सांधा बदलावा. यानंतर मीना, डिप्लॉयर किंवा अॅन्सिबल हाती घेतले तर त्यातली प्रत्येक ओळ ओळखीची वाटते.

सर्व्हरची कामे हाताने करत राहण्याची मुभा आता फार दिवस राहणार नाही. वेबसाइट सुरक्षित असल्याची खात्री देणारे प्रमाणपत्र पूर्वी वर्षभर चालत असे आणि ते हाताने बदलणारे बरेच जण होते. ब्राउझर बनवणाऱ्या आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपन्यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल 2025 मध्ये ही मुदत कमी करण्याचे ठरवले: 15 मार्च 2026 पासून जास्तीत जास्त 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 15 मार्च 2029 पासून अवघे 47. वर्षातून एकदा आठवण ठेवून करायचे काम तेव्हा वर्षाला किमान आठ वेळा करावे लागेल, आणि एकदा जरी चुकले तरी केळीच्या गटातल्या प्रत्येकाच्या फोनवर ‘ही साइट सुरक्षित नाही’ अशी लाल पाटी येईल. बेंचमध्ये यासाठी एक कमांड आधीपासून आहे. इतरांसाठी लेट्स एन्क्रिप्टचे फुकट प्रमाणपत्र आणि ते आपोआप बदलणारे सर्टबॉट आहे. डिप्लॉयच्या फाइलीत त्याची एक ओळ वाढते.